टबाचा नळ निवडताना: आधी पाणी कुठे पडणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुटा ठेवायचा फ्रीस्टँडिंग टब घेऊन झालाय: १७०० मि.मी. लांब, ७५० रुंद, ५८० उंच. त्याची लांब बाजू भिंतीला समांतर, मध्ये १०० मि.मी. फट. दोन्ही टोकांना पाठ टेकायचा उतार आहे आणि निचऱ्याचं भोक मधोमध. पाणी वरच्या टाकीतून येतं, गरम पाण्याला २५ लिटरचा गीझर आहे. जमिनीवर उभा राहणारा काळा नळ मनात भरलाय. भिंती आणि जमीन अजून उघड्या आहेत. नळ जमिनीतून घ्यावा की भिंतीतून, टबापासून किती लांब ठेवावा, आणि किती उंच?

भिंत की जमीन, हे नंतर ठरतं. आधी ठरवायचा असतो हवेतला एक बिंदू, जिथून पाणी सुटेल आणि टबात पडेल. तो पक्का केला की तोटीची लांबी, भिंतीतल्या भोकाची उंची, मिक्सरची (गरम आणि गार पाणी मिसळणाऱ्या नळाची) जागा हे सगळं त्याच्यावरून मागे मागे मोजत येता येतं. उलट केलं, म्हणजे आधी नळ आवडला आणि मग त्याला जागा शोधली, की पाणी काठावर पडतं, नाहीतर तोटी नेमकी डोक्याशी येते. आणि या बिंदूच्याही आधी एक हिशेब आहे, तो तुमच्या प्रश्नात आलेला नाही: टबापर्यंत मिनिटाला किती पाणी पोचणार?

तुमच्या मापाचा टब ओव्हरफ्लोपर्यंत (जास्तीचं पाणी बाहेर नेणाऱ्या, काठाखालच्या भोकापर्यंत) साधारण २००-२२० लिटरचा असतो. माणूस आत बसला की साठेक लिटर जागा तो घेतो, म्हणून प्रत्यक्षात १५० लिटर भरलं की पुरतं. हे १० मिनिटांत व्हायचं तर मिनिटाला १५ लिटर हवेत. वीस मिनिटांच्या पुढे गेलं की आधी भरलेलं पाणी कोमट व्हायला लागतं आणि टब वापरायचा उत्साहही तसाच होतो.

आता कॅटलॉग बघा. नळापुढे '३ बारला २० लिटर' असं काहीतरी लिहिलेलं असतं; बार हे दाबाचं माप, लिटर मिनिटाचे. टाकीतल्या पाण्याची पातळी तोटीपेक्षा ३ मीटर वर असेल तर तुमच्याकडे दाब आहे जेमतेम ०.३ बार, १० मीटर उंचीला साधारण १ बार धरायचा. दाब दहावा हिस्सा झाला म्हणजे प्रवाहही दहावा होतो असं नाही, तो वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. तरीसुद्धा २० लिटरचे सहाच राहतात. त्या वेगाने १५० लिटरला २५ मिनिटं. तुमच्या टाकीची उंची प्रश्नात नाही, त्यामुळे हा आकडा तुमचाच आहे असं मी म्हणत नाही. पण मोजणं अवघड नाही. टबाजवळ आणलेल्या पाइपचं टोक उघडं ठेवा, खाली १० लिटरची बादली धरा आणि सेकंद मोजा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाचे लिटर मिळतात; ४० सेकंदांत भरली तर १५. टोक धरताना ते तोटी जिथे येणार त्याच उंचीवर धरा. जमिनीलगत धरलं तर दाब जास्त मिळतो आणि आकडा फसवतो. गार आणि गरम दोन्ही लाइन वेगवेगळ्या मोजा. मिक्सर बसल्यावर त्याचा अडथळा येतो, हेही लक्षात ठेवा.

गीझरबद्दल स्पष्टच सांगतो: २५ लिटर पुरणार नाही. अंघोळीचं पाणी ४० अंश, गीझरमधलं ६०, गार पाणी २० धरलं तर निम्मं गरम आणि निम्मं गार लागतं. म्हणजे १५० लिटरला ७५ लिटर गरम. साठवणीच्या गीझरमधून साधारण ७० टक्के पाणी निघालं की पुढचं कोमट यायला लागतं, म्हणून १०० लिटरच्या आसपासचा गीझर हवा. तुमच्या २५ लिटरमधून ३५ लिटर मिश्र पाणी मिळेल आणि या टबाच्या तळाशी ते जेमतेम चार बोटं उभं राहील. गॅसचा चालू पाण्याचा गीझर लावायचा विचार असेल तर त्याच्यावर लिहिलेले '६ लिटर' म्हणजे मिनिटाला ६, तेही ठरावीक अंशच वाढवून. तिथे नळ कितीही मोठा लावा, गरम पाण्याचा वेग गीझरच ठरवतो.

दाब कमी निघाला तर प्रेशर पंप लावावा लागेल. तो टाकीतून निघणाऱ्या लाइनवर, गीझरचा फाटा फुटण्याच्या आधी बसवा, म्हणजे गार आणि गरम दोन्हीला सारखाच दाब मिळेल. फक्त गार लाइनवर पंप बसवलेला फार ठिकाणी दिसतो. मग मिक्सरमध्ये गार पाणी गरम लाइनीत उलटं घुसतं, तोटीतून गरम येतच नाही आणि दोष नळाला दिला जातो. गीझर पंपाचा दाब सोसणारा आहे का हे त्याच्या पट्टीवर वाचा, आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर असू द्या. पाइप टबापर्यंत पाऊण इंची आणा. शेवटच्या मीटरभरात अर्धा इंची केला तर आधीची सगळी मेहनत तिथे अडकते.

आता भिंत की जमीन. जमिनीवर उभा नळ तुमच्या मांडणीत दोनच ठिकाणी बसू शकतो. एक, टब आणि भिंत यांच्यामधल्या १०० मि.मी. फटीत. तिथे त्याची बैठकीची थाळीच मुश्किलीने मावते. मावली तरी तिच्याभोवती हात जात नाही, पाना फिरत नाही, साचलेला मळ निघत नाही. दुसरी जागा खोलीच्या बाजूला, म्हणजे टबात शिरायच्या वाटेतच मीटरभर उंचीचा खांब. टोकाला उभा करावा तर दोन्ही टोकांना पाठ टेकायची सोय आहे, तिथे तोटी डोक्यावर येते. टब खोलीच्या मधोमध असता तर मी जमिनीचाच नळ सुचवला असता. इथे भिंत हाताशी असताना जमीन फोडायचं कारण दिसत नाही. टबाच्या काठावर बसणारा नळ तर बादच, कारण त्याला ३५ मि.मी.च्या आसपास भोक आणि त्याभोवती सपाट जागा लागते. सुट्या टबाचा काठ तेवढा रुंद नसतो.

म्हणून तोटी भिंतीतून. दुकानात तिला स्पाउट म्हणतात. आता तो बिंदू काढू.

टब खरोखर जागेवर ठेवा, पाय फिरवून लेव्हल करा. कागदावरची ५८० उंची पाय उघडल्यावर ५९० होते, हे तिथेच कळतं. मग आतल्या काठापासून ८० मि.मी. आत ओळंबा सोडा. ६० पेक्षा जवळ आलात तर पाणी आतल्या भिंतीवर आपटून शिंतोडे काठाबाहेर उडतात. १०० च्या पलीकडे गेलात तर तोटी बसणाऱ्याच्या कुशीत घुसते. तुमच्या बाबतीत फट १००, काठ समजा ४०, आत ८०, म्हणजे तयार भिंतीच्या पृष्ठभागापासून तोंडाच्या मध्यापर्यंत २२० मि.मी. ही झाली तोटीची लांबी. कॅटलॉगमध्ये दिलेलं माप टोकापर्यंतचं आहे की तोंडाच्या मध्यापर्यंतचं, हे चित्रात बघा. दोन्हीत सहज १५-२० मि.मी. फरक असतो. १८० ची तोटी आवडली म्हणून घेतली तर पाणी काठापासून ४० मि.मी.वर पडेल आणि फरशी रोज ओली राहील.

इथे एक हमखास होणारी चूक. फट १०० आहे ती कशापासून? उघड्या विटेपासून मोजली असेल तर प्लास्टर, चिकटवणी आणि टाइल मिळून ३० मि.मी. सहज खातात. निचऱ्याचा पाइप जमिनीत पक्का झाला की टब सरकवता येत नाही, त्यामुळे फट ७० उरते आणि सगळा हिशेब बदलतो. कोणतंही माप घेताना 'तयार भिंतीपासून' आणि 'तयार फरशीपासून' हे शब्द त्या मापाशेजारी लिहून ठेवा.

उंचीचं गणित असं. तोटीचं तोंड आणि टबाचा काठ यांच्यात हवेची फट असावीच लागते. लाइन कुठे रिकामी झाली आणि आत पोकळी झाली की बुडालेलं तोंड टबातलं साबणाचं पाणी पिण्याच्या लाइनीत ओढून घेतं. नियम म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट. टबासाठी ५० मि.मी.च्या खाली जाऊ नका. ही फट काठापासून मोजायची. ओव्हरफ्लोपासून मोजून चालत नाही, कारण ओव्हरफ्लो तुंबू शकतो. दुसऱ्या बाजूला १५० च्या वर गेलं की आवाज वाढतो, शिंतोडे वाढतात. मी ८० ते १०० मध्ये ठेवतो. ९० धरू. उदाहरणाला काठ ५८० वरच धरू (पाय उघडून ५९० निघाला तर पुढच्या उंचींत १० मिळवा), म्हणून तोंड ६७० वर. पण भिंतीतलं भोक ६७० वर नसतं. तोटी भिंतीतून निघून खाली वळते, आणि नळाच्या नकाशात समजा तोंड भोकाच्या मध्यापेक्षा ३५ खाली आहे; मग भोक ७०५ वर. शिवाय आज तुम्ही उभे आहात ते उघड्या जमिनीवर. त्यावर मसाला आणि टाइल मिळून ४० येणार असतील तर आजच्या जमिनीपासून खूण ७४५ वर करायची. प्लंबर ही शेवटची बेरीज विसरतो, तेव्हा तोंड काठापासून ५० वर येतं आणि मग टबाचे पाय खाली घ्यायची धडपड सुरू होते.

लांबीच्या दिशेने तोटी कुठे? निचरा मधोमध म्हणून तोटीही मधोमध, असं सगळ्यांना वाटतं. अशा टबांमध्ये ओव्हरफ्लोची थाळीही बहुतेक मध्यावरच असते, आणि निचरा उघडण्याची चकती त्याच थाळीवर. तोटी तिच्या डोक्यावर आली तर चकती फिरवताना बोटं वाहत्या गरम पाण्याखाली जातात. तुमची थाळी भिंतीकडच्या बाजूला असेल तर तोटी मध्यापासून १५०-२०० मि.मी. पायांच्या बाजूला सरकवा. नेहमी कोणत्या टोकाला पाठ टेकणार हे आधी ठरवा, दुसरं टोक पायांचं. थाळी खोलीच्या बाजूला असेल तर मध्यावर ठेवायला हरकत नाही, फक्त कडा गोल असलेली तोटी घ्या, कोपर लागतंच.

मिक्सरचा दांडा तोटीच्या डोक्यावर बसवायची सवय असते. तुमच्याकडे तसं केलं तर खोलीतून उभं राहून ७५० चा टब आणि १०० ची फट ओलांडून हात पोचवावा लागेल, तोही पाण्याची धार तपासत. म्हणून तोटी आणि मिक्सर वेगळे करा. मिक्सर त्याच भिंतीवर, पण टबाचं पायांकडचं टोक संपल्यानंतर १५० मि.मी. पुढे, तयार फरशीपासून ८०० ते ९०० उंचीवर. तिथे तो बाहेरून उभ्या माणसाच्या हाताला येतो आणि आतून थोडं पुढे वाकलं तरी पोचतो. मिक्सर ते तोटी मीटरभर पाइप जाईल, तो पाऊण इंची ठेवला तर प्रवाहात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. गरम डावीकडे, गार उजवीकडे. हे उलटं झालेलं टाइल लागल्यावरच उघडकीला येतं.

मिक्सर साधा एका दांड्याचा की थर्मोस्टॅटिक, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा? घरात मूल किंवा वयस्कर कुणी असेल तर थर्मोस्टॅटिक घ्या, पण तो तुमच्या दाबाला चालतो का ते पत्रकात 'किमान दाब' या ओळीत बघून. बरेचसे १ बारच्या खाली नीट काम करत नाहीत. साधा घेतलात तर त्याच्या काट्रिजवर (दांड्यामागच्या, पाणी मिसळणाऱ्या भागावर) गरमची मर्यादा घालायची कडी असते, ती लावून तोटीतलं पाणी ४९ अंशांच्या वर जाणार नाही असं करा. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. ४९ ला तेवढं व्हायला काही मिनिटं लागतात. ही मर्यादा गीझर पूर्ण तापलेला असताना तपासायची, कोमट असताना नाही.

हँड शॉवर जरूर घ्या, टब धुवायला तरी लागतोच. दोन वाटांचा मिक्सर घेतला की एक वाट तोटीला, एक शॉवरला. हँड शॉवरची दीड मीटरची नळी टबात बुडून पडू शकते, म्हणजे वर सांभाळलेली हवेची फट तिथे उरतच नाही. म्हणून त्या वाटेवर पाणी उलटं जाऊ न देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेतच. मिक्सरच्या आत आहेत का विचारा. नसतील तर नळीच्या एल्बोत (काटकोनी जोडात) बसणारे मिळतात.

दिसण्याबद्दल दोनच गोष्टी. रुंद पट्टीसारखा धबधबा पाडणारी तोटी कमी दाबाला घेऊ नका. मिनिटाला ६-७ लिटरवर तिथे पट्टी बनत नाही; पाणी तोटीच्या खालच्या बाजूला चिकटून मागे सरकतं आणि टबाऐवजी भिंतीलगतच्या फटीत गळतं. जड पाण्यात त्या पट्टीच्या कडेला क्षार बसून धार फाटते, ते वेगळंच. काळा रंग हवाच असेल तर पितळेच्या बॉडीवरचा घ्या आणि आम्लाची साफसफाई त्याला लावू नका.

आता बसवणं. मिक्सरच्या भिंतीत पुरायच्या बॉडीवर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. टाइलचा तयार पृष्ठभाग त्यांच्यामध्ये यायला हवा. बॉडी जास्त आत गेली तर दांडा पोचत नाही आणि एक्स्टेंशन शोधत फिरावं लागतं. बाहेर राहिली तर वरची झाकायची थाळी टाइलला टेकत नाही आणि पाणी मागे शिरतं. म्हणून टाइलचा एक तुकडा चिकटवणीच्या जाडीइतक्या पट्टीवर ठेवून भिंतीला लावून बघा, तेवढ्याने कळतं. २२० मि.मी.ची तोटी म्हणजे तरफच आहे, तिला धरून लोक उठतात. तिच्या मागचा एल्बो भिंतीला स्क्रूने आवळणारा, पाखं असलेला घ्या. नुसता सिमेंटमध्ये बुडवलेला पाइप कालांतराने हलतो. तोटीला पुढे किंचित उतार द्या, एवढ्या लांबीला २-३ मि.मी. पुरे. नाहीतर आत राहिलेलं पाणी बंद केल्यावर बराच वेळ टपकत राहतं आणि गळतीची तक्रार होते. थाळीभोवती सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी सोडा. आत कधी गळलं तर पाणी खालून दिसलं पाहिजे, भिंतीत जिरायला नको.

हे वाचणाऱ्या कुणाचा टब तीन भिंतींत बसवलेला असेल आणि वर शॉवर असेल, तर एक गोष्ट वेगळी. तिथे तोटीवरच डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे वळवणारी कळ) असतो, आणि मिक्सरपासून तोटीपर्यंतचा खाली येणारा पाइप अरुंद असला तर तोटी चालू असतानाही वर शॉवरमधून पाणी ठिबकतं. अर्धा इंची पेक्स आणि सीपीव्हीसी या दोन्ही प्लास्टिकच्या पाइपांचं आतलं भोक तांब्याच्या पाइपपेक्षा लहान असतं, म्हणून तो तुकडा तांब्याचा नाहीतर पाऊण इंची घ्या, आणि त्यात एकच एल्बो.

तरीही जमिनीवरचा नळच घ्यायचा असेल तर तो खोलीच्या बाजूला, पायांकडच्या कोपऱ्याजवळ उभा करा. खांबाचा मध्य टबाच्या बाहेरच्या कडेपासून किती लांब, याचं गणित: तोटीची लांबी वजा काठ वजा ८०. तोटी २३० ची असेल तर ११० मि.मी. पण टब अंडाकृती असतो, तेव्हा ही कड नेमक्या त्या ठिकाणी मोजा, मधल्या सर्वांत रुंद भागावर नाही. खांब ज्यावर बसतो तो जमिनीतला डबा स्लॅबला बोल्ट करा. कोब्याला किंवा टाइलला आवळलेला खांब महिन्याभरात डुलायला लागतो. वॉटरप्रूफिंग डब्याच्या कॉलरवर चढवून घ्या आणि पाणी बंद करायचे व्हॉल्व्ह हाताशी येतील अशा जागी ठेवा.

टाइल लावण्यापूर्वी लाइन दोन-तीन मिनिटं मोकळी वाहू द्या, म्हणजे वाळू आणि पाइपचा भुगा काट्रिजमध्ये जाणार नाही. मग तोंडं बंद करून पंपाने दाब द्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट, आणि तासभर काटा हलतो का बघा. तोटीची नकली चाचणीही तेव्हाच करा: ठरलेल्या बिंदूवर पाइपचा तुकडा बांधा, टब खाली ठेवा आणि पूर्ण पाणी सोडा. काठावर एक वर्तमानपत्र पसरा. ते कोरडं राहिलं की खुणा पक्क्या समजा, भिंतीवर मोजपट्टी धरून उघड्या पाइपांचे फोटो काढा आणि मग टाइलवाल्याला आत सोडा.